दोन दशांश चार नळ

आमच्या ऑफिसातल्या दोन दशांश चार नळांची गोष्ट मी आजवर निदान पन्नास वेळा सांगितली असेल. लग्नात पंगत उशिरा बसली की सांगितली, रेल्वेत समोरचा माणूस नोकरीतून निवृत्त झालेला निघाला की सांगितली, जावयाच्या घरी पहिल्यांदा गेलो आणि बोलायला विषय मिळेना तेव्हासुद्धा सांगितली. एक चक्रम गृहस्थ, जन्मभर आकडे मोठमोठ्यानं वाचत बसलेले, आणि शेवटी त्यांच्याच सहीनं छापून आलेल्या तक्त्यात एका तालुक्यातले पिण्याच्या पाण्याचे नळ किती, तर दोन दशांश चार. लोक हसतात. मग मी थोडं थांबून म्हणतो, ‘अहो, तो पॉइंट चार नळ कुठं आहे हे विचारायला एक साहेब उभे राहिले.’ लोक पुन्हा हसतात.

गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातला एक माणूस चुकीच्या जागी बसलेला आहे. त्याला तिथून उठवून योग्य माणसाला बसवावं, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं. पण आधी ते गृहस्थ कसे होते हे सांगायला हवं. त्यांची ओळख झाल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

ऑफिसात त्यांना सगळे कॉलमसाब म्हणत. आमची संस्था हैदराबादेत बसून खेड्यापाड्यांची पाहणी करायची. विहिरी किती, शाळा किती, बैल किती, पाण्यासाठी किती चालावं लागतं. माणसं गावोगाव जाऊन फॉर्म भरून आणत, ते आकडे कॉम्प्युटरमध्ये जात, तिथलं सांख्यिकीचं पॅकेज त्यांची बेरीज-सरासरी करून कडेला भोकं असलेल्या रुंद कागदावर तक्ते छापून देई, आणि ते तक्ते अहवालात उतरवायचं काम कॉलमसाबांच्या विभागाकडे होतं. विभाग म्हणजे दोन टेबलं, चार माणसं आणि एक पंखा. मी कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. वयानं त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. ते मला ‘मियाँ’ म्हणत, मी त्यांना ‘साब’.

बरकतपुऱ्यात त्यांचं घर. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील वकील, आणि हे सांख्यिकी सहायक. घराणं एकेक पायरी उतरत इथवर आलं, असं ते स्वतःच मजेत सांगत. पाढे उर्दूतून म्हणत, भाजी तेलुगूतून आणत आणि देवाशी मराठीतून बोलत. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात हिरवी पेन्सिल आणि काखेत आजोबांची शिसवी फूटपट्टी. तिच्यावरच्या इंचांच्या खुणा केव्हाच झिजून गेल्या होत्या. मोजायला ती कुचकामी होती. मी तसं म्हटलं तर म्हणाले, मोजलंय आधीच दुसऱ्यांनी, मला फक्त ओळ धरायची आहे.

त्यांची पद्धत अशी. तक्ता उतरवला की वाचन. एकानं मूळ कागद धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं उतारा समोर ठेवून ऐकायचं. प्रत्येक आकड्याला ऐकणाऱ्यानं ‘हौ’, म्हणजे हो, म्हणायचं आणि ओळ संपली की ‘आगे’. आकडा पुरता तोंडातून बाहेर पडायच्या आत ‘हौ’ म्हटलं, तर ती ओळ पुन्हा पहिल्यापासून. वाचून झालेल्या प्रत्येक खान्यावर हिरवी खूण. शेवटी वाचनाच्या वहीत सही.

वाचायला बहुतेक वेळा तेच बसत. आवाज असा की काचीगुड्याच्या स्टेशनवर गाडी लागल्याची घोषणा व्हावी. शेजारच्या विभागानं दोनदा लेखी तक्रार केली. आमच्या टायपिस्ट बाई तेलुगू होत्या. बारा वर्षं त्यांच्यासमोर ऐकायला बसून त्यांची अशी गत झाली होती की घरी जेवताना सासूनं आणखी एक इडली वाढू का विचारलं, तर तोंडातून ‘हौ, आगे’ निघायचं. सासूला वाटायचं, सून दोन मागते.

तक्त्यातला एखादा खाना कोरा असला तर दुसरा कुणी तो गाळून पुढं गेला असता. कॉलमसाब तिथं थांबून, अगदी आकडा वाचावा तसं, स्वच्छ वाचत: ‘मालूम नै.’ आणि त्यालाही ‘हौ’ म्हणावं लागे. म्हणजे वाचन असं चाले: बारा दशांश चार, हौ. सात दशांश एक, हौ. मालूम नै, हौ. नऊ, हौ. आगे.

मी नवीन असताना एका कोऱ्या खान्यात शून्य भरलं होतं. काहीच नाही म्हणजे शून्यच, असं मला वाटलं. त्यांनी ते पाहिलं आणि मला भर उन्हात खाली नेलं. आमच्या आवाराला लागून एक उंच भिंत होती. विचारलं, पलीकडे आंब्याची झाडं किती? मी म्हटलं, दिसत नाही तर कसं सांगू. ‘मग शून्य लिहू?’ म्हणाले. मला वाटलं धडा संपला. पण ते मला घेऊन पूर्ण भिंतीला वळसा घालून पलीकडच्या फाटकापर्यंत गेले, रखवालदाराची परवानगी काढली, आवारभर फिरले. एकही आंबा नव्हता. घाम पुसत, फार खूश होऊन म्हणाले, ‘आता लिहा शून्य. हे कमावलेलं शून्य आहे.’

परत येताना समजावून सांगितलं. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघून आलं आणि तिथं काही नव्हतं. मालूम नै म्हणजे आकडा अजून यायचा आहे. उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. पण त्याची खुर्ची दुसऱ्याला द्यायची नाही आणि आपल्या मनानं तिथं कुणाला बसवायचं नाही.

हे त्यांचं ऑफिसपुरतं नव्हतं. आबिड्सच्या मागच्या गल्लीत आम्ही चहाला जायचो त्या इराणी हॉटेलात भिंतीवर लाकडी पट्ट्यांचा बोर्ड होता. डावीकडे पदार्थ, उजवीकडे तो मिळायची वेळ. एखादा पदार्थ संपला की मालक त्याची पट्टी काढून खालच्या पट्ट्या वर सरकवायचा. वेळा मात्र रंगानं लिहिलेल्या, त्या तिथंच. त्यामुळे समोसे संपले की खारी बिस्किटं ‘चार वाजल्यानंतर’ होऊन बसायची. कॉलमसाबांनी महिनाभर त्या मालकाचं डोकं खाल्लं. शेवटी त्यानं कंटाळून एक कोरी पट्टी करवून घेतली आणि समोसे संपले की ती टांगू लागला. गिऱ्हाईक विचारी, ये क्या चीज है? मालक आमच्या टेबलाकडे बोट दाखवी: ‘वो साब को पूछो.’

आमच्या घरी ते जेवायला आले तेव्हाची गोष्ट तर माझ्या बायकोला अजून तोंडपाठ आहे. आम्ही तेव्हा मलकपेठेत राहत होतो. तिनं पहिलं पान वाढून, काका, भाजी कशी झालीय, असं विचारलं. ते म्हणाले, मालूम नै. तिचा चेहरा उतरला. मग त्यांनी घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाले, ‘हौ सूनबाई, उत्तम. आता विचारा.’ मुलं किती, तर दोन. वयं काय? धाकट्याचं चौदा. थोरल्याचं मालूम नै. त्याची आई सतरा म्हणते, शाळेच्या दाखल्यावर पंधरा, आणि तो स्वतः मनाला येईल ते सांगतो.

त्याच जेवणात त्यांनी बायकोला कोठीला जाणाऱ्या बसचा नंबर सांगितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली: सूनबाईंना द्या. तिच्यावर आदल्या दिवशी सांगितलेला बसचा नंबर लिहिलेला, त्यावर एक बारीक रेघ, वर खरा नंबर आणि बाजूला त्यांची आद्याक्षरं. चूक दुरुस्त करायची ती अशी, हा त्यांचा नियम. रबरानं पुसायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं आणि आद्याक्षरं घालायची, म्हणजे कुणी दुरुस्त केलं ते कळतं. ती चिठ्ठी बायकोनं स्वयंपाकघरात खिळ्याला कितीतरी दिवस अडकवून ठेवली होती.

मग पुनर्रचनेची वर्षं आली. दर महिन्या-दोन महिन्यांनी डायरेक्टरच्या खोलीबाहेर एक नवा तक्ता लागे. चौकोन, बाण, चौकोनात नावं. दोन विभागांचा एक होई, एकाचे तीन होत, आणि ज्याचं नाव कुठल्याच चौकोनात नसे त्याला जास्तीचा म्हणत. लोक घोळक्यानं उभे राहून स्वतःचं नाव शोधत. कॉलमसाब मात्र फूटपट्टी लावून सगळा तक्ता ओळीनं वाचून काढत. एकदा त्यांनी एक शिपाई दोन चौकोनांत आहे हे शोधून काढलं आणि ते स्वतः एकाही चौकोनात नाहीत हेही. शिपायाच्या एका नावावर त्यांनी रेघ मारून आद्याक्षरं घातली. मग समासात एक छोटा चौकोन काढून त्यात स्वतःसाठी लिहिलं: मालूम नै.

वर्ड प्रोसेसर नुकताच आला होता आणि तो माझ्या ताब्यात होता. इथं थोडं कामाचं सांगावं लागेल. पॅकेजमधून निघालेल्या तक्त्याला रेघा नसत. मोकळ्या जागा मोजून आकडे एकाखाली एक बसवलेले असत. छापील कागदावर ते सरळ दिसत, कारण तिथं अंकाला जेवढी रुंदी तेवढीच मोकळ्या जागेला. तोच तक्ता वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून अहवालाचा देखणा टाइप लावला की रकाने वाकडेतिकडे होऊन कोसळत, कारण त्या टाइपात मोकळी जागा अंकाच्या निम्मी. मी हे कॉलमसाबांना दाखवलं. त्यांनी चपला बाहेर काढून, एसीत कुडकुडत, पडद्यावर फूटपट्टी टेकवून एक ओळ धरून पाहिली. मग म्हणाले, ‘अंकाला पुरी खुर्ची आणि रिकाम्या जागेला अर्धी? हे कुठलं राज्य, मियाँ?’

म्हणून त्यांचा विभाग छापील कागद पुढ्यात घेऊन प्रत्येक तक्ता पुन्हा हातानं टाइप करी आणि मग वाचन करी. एका अहवालाला तीन आठवडे लागत. मी एक युक्ती काढली होती. जिथं जिथं दोन किंवा जास्त मोकळ्या जागा लागून आहेत तिथं एक टॅब घाल, म्हणजे पुढचा आकडा पुढच्या रकान्यात जाऊन बसतो, असा एकच हुकूम मशीनला द्यायचा. कोसळलेला तक्ता डोळ्यांदेखत उठून उभा राही. तीन आठवड्यांचं काम एका दुपारचं. मी डायरेक्टरना ते करून दाखवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नव्या तक्त्यात कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाचा चौकोन अजून कोरा होता, आणि तो मला हवा होता.

कॉलमसाबांनी पुनर्रचनेत स्वतःसाठी काही मागितलं नाही. डायरेक्टरना एक अर्ज दिला. विभाग ठेवा, न ठेवा. मला कुठंही बसवा. पण नव्या नियमावलीत एक ओळ राहू द्या, की मशीननं उतरवो वा माणसानं, उताऱ्यानंतर दोन माणसांनी वाचन करायचं. डायरेक्टर म्हणाले, पाण्याचा अहवाल मशीनवर उतरवून निघू दे, तो कसा निघतो त्यावरून ठरवू. म्हणजे तो अहवाल त्यांच्या पद्धतीची परीक्षा होता. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांचा घसा बसला. डॉक्टरनं बोलायलाच बंदी केली. पॅकेजच्या छापील कागदांचं वाचन तोवर होऊन गेलं होतं, हिरव्या खुणांनी ते भरले होते. राहिला होता तो माझा उतारा आणि त्यानंतरचं वाचन. आवाज गेला म्हणून ते घरी थांबले नाहीत. ‘हौ’ आणि ‘आगे’ असे दोन पुठ्ठे लिहून घेतले आणि स्वतः ऐकायला बसून गार्डानं झेंडी दाखवावी तसे ते वर धरू लागले. बाकी सगळं बोलणं चिठ्ठ्यांवर. चहावाल्याला चिठ्ठी, शिपायाला चिठ्ठी. शिपायाला वाचता येत नसे, मग तो ती घेऊन माझ्याकडे येई.

शुक्रवारी दुपारी मी सगळे तक्ते उतरवले. हुकूम दिला, तक्ते उभे राहिले, छान दिसले. छापखान्याचा माणूस येऊन बसला होता. डायरेक्टरनी दोनदा विचारलं होतं. कॉलमसाब आपल्या टेबलावर दुसऱ्या एका अहवालाचं वाचन ऐकत बसले होते, पण टायपिस्ट बाई समोरच होत्या. त्यांच्याबरोबर बसलो असतो तर दीड तासात वाचन झालं असतं. मला वाटलं, मशीननं मशीनमधून घेतलंय, यात वाचायचं काय? एवढ्यात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. त्यांचं वळणदार अक्षर, हिरवी पेन्सिल: ‘उताऱ्यानंतर वाचन झाले?’

मी खाली निळ्या शाईत लिहिलं, ‘झाले’, आणि त्यांच्याच शिस्तीप्रमाणे आद्याक्षरं घातली.

थोड्या वेळानं ते स्वतः आले. चिठ्ठी हातात होती. माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, तिची घडी करून बुशशर्टच्या खिशात ठेवली आणि वाचनाच्या वहीत सही केली. ऐकल्याशिवाय केलेली त्यांची ती एकुलती एक सही.

चूक काय झाली ते आता सांगतो. एका तालुक्यात ओढ्याला पूर आला म्हणून पाहणी करणारा हातपंप मोजायला जाऊ शकला नव्हता. त्या ओळीत विहिरी एक्केचाळीस, हातपंपाचा खाना कोरा, नळ तीन, आणि पाण्यासाठी चालायचं सरासरी अंतर दोन दशांश चार किलोमीटर. खाना कोरा असला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा मिळून एकच लांब मोकळी जागा होते. मशीनला ती एकच दिसली. तिनं तिथं एकच टॅब घातला आणि उजवीकडचे आकडे एकेक घर डावीकडे सरकले. तीन नळ हातपंप झाले आणि दोन दशांश चार किलोमीटरची पायपीट नळ होऊन बसली. शेवटचा रकाना रिकामा. कॉलमसाबांनी ती ओळ नुसती ऐकली असती तरी दुसऱ्याच आकड्याला त्यांचा हात वर झाला असता. त्यांच्या कानाला ‘मालूम नै’ ऐकायची सवय होती. माझ्या हुकुमाला नव्हती.

अहवाल अधिकाऱ्यांच्या बैठकीत वाटला गेला. पाणीपुरवठ्याचे एक शांत, टक्कल पडलेले साहेब पानं चाळत होते. त्यांनी उभं राहून, अगदी नम्रपणे विचारलं, ‘ये पॉइंट चार नल किधर है? जाके देखना है.’ सभागृह पाच मिनिटं हसत होतं. डायरेक्टरही हसले, आणि त्यांचे कान लाल होत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. वाचनाची वही टेबलावर उघडी. डायरेक्टरनी कॉलमसाबांना विचारलं, सही तुमचीच ना? ते म्हणाले, हौ सर, माझीच. आवाज तोवर परत आला होता, थोडा घोगरा. डायरेक्टरनी पुढं विचारलं, मग उताऱ्यानंतरचं वाचन कुणी केलं?

कॉलमसाबांच्या पातळ टेरिलीनच्या खिशातून मला ती चिठ्ठी दिसत होती. हिरवं अक्षर बाहेरून वाचता येत नव्हतं, पण मला येत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे; वाचताना ऐकणाऱ्याकडे पाहत तसं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिलो. त्यात एक काचेचं फूल होतं.

‘मालूम नै, सर,’ ते म्हणाले.

डायरेक्टर पुष्कळ बोलले. जुन्या पद्धती, पोकळ सह्या, मोठमोठ्यानं वाचून काय मिळालं. कॉलमसाबांनी एवढंच म्हटलं की सर, सही चुकली, वाचन चुकलेलं नाही, ते बंद करू नका. त्याच आठवड्यात नवा तक्ता लागला. तक्ता विभाग त्यात नव्हता. ते ग्रंथालयाच्या तळघरात कार्डं लावायला गेले. नियमावलीत ती ओळ नव्हती. प्रमुखाच्या चौकोनात माझं नाव होतं.

अहवालाच्या सगळ्या प्रतींवर दुरुस्तीची पट्टी चिकटवायची होती. ते काम त्यांनी मागून घेतलं. दोन दिवस तळघरात बसून फूटपट्टीनं ओळ धरून एकेका प्रतीवर पट्टी डकवली. मी तेव्हा वर नव्या खोलीत टेबल कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवत होतो. पोरंसोरं त्यांना आता कॉलमसाबऐवजी ‘पॉइंट चार’ म्हणू लागली. मी कधी म्हटलं नाही. पण हसलो. आणि घरी येऊन बायकोला गोष्ट सांगितली ती अशीच, की बघ, काकांनी जन्मभर सगळ्यांना वाचायला लावलं आणि शेवटी काय केलं. ती हसली आणि तिनं तिच्या बहिणींना सांगितली.

तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, समोसे. विभागप्रमुख म्हणून भाषण माझं होतं. मी दोन दशांश चार नळांची गोष्ट सांगितली. प्रेमानं सांगतोय असं मला खरोखरच वाटत होतं. सगळे हसले. तेही हसले.

समारंभानंतर सायकल स्टँडवर ते माझ्यासाठी थांबले होते. खांद्यावर शाल, काखेत फूटपट्टी. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘हे तुमचं आहे. रेकॉर्डला लावायचं राहून गेलं.’

मी विचारलं, साब, तुम्ही त्या दिवशी दाखवली का नाही?

‘मियाँ, तो खाना तुमचा होता,’ ते म्हणाले. ‘मी थांबलो होतो तुमच्यासाठी. आकडा आला नाही. दुसऱ्याच्या खान्यात मी आपल्या मनानं भरत नसतो.’

मी म्हटलं, म्हणून मालूम नै?

‘अजून यायचाय म्हटलं,’ म्हणाले, आणि शाल सावरून सायकलवर बसून गेले.

मला तेव्हाच वर जाऊन डायरेक्टरना सांगता आलं असतं. ते डायरेक्टर बदलले, त्यांच्यानंतरचेही बदलले, मग मीही निवृत्त झालो. गोष्ट मात्र मी सांगतच राहिलो, आणि सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की कधीकधी मलाच ती खरी वाटे. मागच्या वर्षी एकदा बरकतपुऱ्यात जाऊन आलो. त्यांच्या घराच्या जागी पाच मजली अपार्टमेंट आहे. वॉचमनला काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या किराणा दुकानातल्या म्हाताऱ्याला फूटपट्टी आठवत होती, माणूस आठवत नव्हता. ते आज आहेत की नाहीत? मालूम नै. शून्य लिहायचा मला अधिकार नाही.

परवा कपाट आवरताना ती चिठ्ठी काढली. हिरवं अक्षर फिकट झालंय, माझं निळं अजून ठळक आहे. फूटपट्टी नव्हती, म्हणून नातीच्या कंपासपेटीतली घेतली. ‘झाले’वर एक बारीक रेघ मारली, खालचं वाचता येतंय. वर लिहिलं, ‘झाले नव्हते.’ बाजूला आद्याक्षरं घातली. मग लक्षात आलं, एवढ्यानं भागत नाही. दुरुस्ती केली की वाचन हवं, आणि वाचनाला दोन माणसं लागतात.

बायको शेंगा सोलत बसली होती. मी ती चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, मी तोंडपाठ म्हणतो, तू कागदावर बघून हौ म्हण. ती म्हणाली, काकांसारखं? मी म्हटलं, हो. तिनं चष्मा चढवला. एवढी सगळी वर्षं ही गोष्ट माझ्याइतकीच तिनंही सांगितली होती.

‘उताऱ्यानंतर वाचन झाले?’ मी म्हटलं.

‘हौ,’ ती म्हणाली.

‘झाले. त्यावर रेघ.’

‘हौ.’ मग तिनं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. ‘हे अक्षर तुमचं आहे.’

‘झाले नव्हते,’ मी म्हटलं.

तिनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी विचारेल, आणि मी तयारही होतो. पण आकडा पुरता बाहेर पडल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिलाही काकांनीच शिकवलं होतं.

‘हौ,’ ती शेवटी म्हणाली. ‘आगे.’

पुढं फक्त माझी आद्याक्षरं होती. मी तीही म्हटली.